पहिल्या फटक्याचा खेळ : मिनी गोल्फचे शिक्षण आणि सराव

मिनी गोल्फ म्हणजे गोल्फमधल्या एकाच फटक्याचा, पटिंगचा, स्वतंत्र खेळ. चेंडू हवेत उंच मारायचा नसतो. पटर नावाच्या सपाट तोंडाच्या काठीने तो जमिनीवरून घरंगळवत होलमध्ये घालायचा असतो. एका फेरीत बहुधा अठरा लेन असतात. लेनच्या कडेने कठडा असतो आणि मध्ये कुठे उंचवटा, कुठे बोगदा, कुठे काटकोनातले वळण असे अडथळे असतात. सर्वांत कमी फटक्यांत फेरी पुरी करणारा जिंकतो. एवढे नियम लहान मूलही पाच मिनिटांत समजून घेते आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी हा खेळ सहलीतला विरंगुळा मानला जातो. चेंडू पडला तर नशीब, नाही पडला तरी नशीब, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि स्वीडन या देशांत मिनी गोल्फचे क्लब आहेत, लीग सामने आहेत, प्रशिक्षण आहे. आणि तिथले कसलेले खेळाडू अठरा लेन अठरा फटक्यांत संपवू शकतात.

हे शक्य होते त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. मोठ्या गोल्फमध्ये वारा, गवत, आधीच्या फटक्याने चेंडू जिथे जाऊन पडला ती जागा, असे सारेच दर वेळी वेगळे असते. मिनी गोल्फमध्ये पहिला फटका नेहमी त्याच टीवरून (फटका सुरू करण्याच्या जागेवरून), तेवढ्याच अंतरावर, त्याच कठड्यांच्या आत मारायचा असतो. लेन बदलत नाही, त्यामुळे तिच्याविषयी एकदा मिळवलेले ज्ञान वाया जात नाही. हात तयार करणे हे या खेळातले निम्मे शिक्षण. उरलेले निम्मे म्हणजे लेनचा अभ्यास. बहुतेक नवखे खेळाडू पहिल्या निम्म्यावरच थांबतात.

खेळाची पाळेमुळे स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजपर्यंत जातात. १८६७ मध्ये तिथे स्त्रियांचा पटिंग क्लब स्थापन झाला. स्त्रीने काठी खांद्याच्या वर नेऊन फटका मारणे त्या काळी अशोभनीय समजले जाई, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंगची हिरवळ आली. तिच्या चढउतारांमुळे तिला ‘हिमालयाज’ असे नाव पडले. ही हिरवळ आजही आहे आणि कोणीही पैसे भरून तिथे खेळू शकतो. अन्यायातून मिळालेल्या या जागेने एक गोष्ट मात्र कायमची दाखवून दिली : ताकद वजा केली तरी गोल्फमधले कौशल्य उरते, आणि ते कमी प्रतीचे नसते.

अमेरिकेत जेम्स बार्बर यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनहर्स्ट इथे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘थिसल डू’ हा खासगी कोर्स बांधून घेतला. पुढे १९२२ च्या सुमारास थॉमस फेअरबर्न यांनी सरकीच्या टरफलांपासून दाबून केलेला पृष्ठभाग तयार केला आणि हिरवळ राखण्याची गरज संपली. मग न्यूयॉर्कमधल्या इमारतींच्या गच्च्यांवरही कोर्स उभे राहिले. लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टर यांनी हॉटेलच्या पाहुण्यांसाठी केलेला ‘टॉम थम’ कोर्स इतका गाजला, की त्याचे तयार साचे देशभर विकले गेले. १९३० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक कोर्स असल्याचे अंदाज त्या काळी केले गेले. महामंदीत माणसांच्या खिशाला परवडणारी ही करमणूक होती. लाट जेवढ्या वेगाने आली तेवढ्याच वेगाने ओसरली, पण त्याआधी तिचे बीज स्वीडनमध्ये जाऊन पडले होते. स्वीडिश संघटना १९३७ मध्ये स्थापन झाली.

शिकण्याच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १९५४. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या आस्कोना इथे पॉल बोंग्नी यांनी आखलेला, ठरावीक मापांच्या लेन असलेला कोर्स सुरू झाला. त्याच वर्षी अमेरिकेत फेएटव्हिल इथे डॉन क्लेटन यांनी ‘पट-पट’ची सुरुवात केली. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण विचार सारखाच होता : अडथळा कितीही अवघड असो, योग्य फटका मारला तर चेंडू पहिल्याच प्रयत्नात होलमध्ये गेला पाहिजे. ‘पट-पट’मध्ये प्रत्येक लेनचे पार, म्हणजे अपेक्षित फटके, दोन ठेवलेले असते ते याच हिशेबाने. पवनचक्कीच्या पात्यांनी चेंडू अडवून लोकांना हसवणे हा खेळाचा हेतू राहिला नाही. प्रत्येक लेनला एक उत्तर आहे हे मान्य झाले, आणि उत्तर आहे म्हणजे ते शोधता येते, पाठ करता येते, शिकवता येते.

जागतिक मिनी गोल्फ क्रीडा महासंघ आज चार प्रकारचे कोर्स मान्य करतो. बोंग्नींच्या पद्धतीची काँक्रीटची लेन १२ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असते. खेळाडू तिच्यावरून चालत जाऊन पुढचा फटका मारतात. एटर्निट म्हणजे फायबर सिमेंटच्या पत्र्याची लेन साधारण सव्वासहा मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर पाय ठेवायचा नसतो. तिसरा प्रकार स्वीडनमध्ये वाढलेला, लाकडी चौकटीवर फेल्ट ताणून बसवलेल्या लेनचा. चौथ्यात उरलेले सारे कोर्स येतात. त्यांना ठरावीक माप नसते आणि पृष्ठभाग बहुधा कृत्रिम गवताचा असतो. भारतात लोकांना जे कोर्स खेळायला मिळतात ते या चौथ्या वर्गात मोडतात. एटर्निटवर उसळी आणि अचूक कोन यांना महत्त्व, तर फेल्टवर आणि गवतावर वेगाचा अंदाज अधिक मोलाचा. त्यामुळे एका प्रकारावर तरबेज झालेला खेळाडू दुसऱ्या प्रकारावर काही काळ चाचपडतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका लेनवर जास्तीत जास्त सहा फटके मारता येतात. सहाव्यानेही चेंडू पडला नाही तर एक दंडाचा गुण जोडून सात लिहितात. नवख्याच्या गुणपत्रिकेकडे पाहिले तर एक गोष्ट लगेच दिसते. त्याचे नुकसान पहिला फटका होलमध्ये न गेल्याने होत नाही. ते चार, पाच आणि सात या आकड्यांनी होते. अठरा लेन प्रत्येकी दोन फटक्यांत केल्या तर छत्तीस होतात, आणि हौशी मंडळींत तेवढ्याने बहुतेक वेळा विजय मिळतो. म्हणून सुधारणेची पहिली पायरी पहिल्या फटक्यात होल गाठण्याची नाही. पहिला फटका चुकला तरी चेंडू अशा जागी थांबावा, की दुसरा सोपा व्हावा, एवढेच पहिले उद्दिष्ट ठेवावे. अडथळा ओलांडून गेलेला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबलेला चेंडू सुरुवातीच्या खेळाडूसाठी उत्तम फटकाच असतो. पहिल्याच फटक्याचा हव्यास त्याच्यानंतर धरावा.

आता हाताकडे वळता येईल. कोर्सवर भाड्याने मिळणारे पटर बहुधा एका-दोन मापांचे असतात आणि लोक त्यातला हाताला येईल तो उचलतात. कमरेत किंचित वाकून हात खांद्यांखाली सैल सोडले, की तळहात जिथे येतात तिथे मूठ बसली पाहिजे. पटर लांब असेल तर मूठ खाली धरावी. आखूड असेल तर दुसरा मागावा, कारण आखूड पटरसाठी जास्त वाकलेला माणूस अठराव्या लेनपर्यंत खांदे स्थिर ठेवू शकत नाही. पटरचा तळ जमिनीवर सपाट टेकावा. पाय खांद्यांइतके फाकलेले, डोळे चेंडूच्या बरोबर वर, पकड सैल. फटका मनगटाने मारायचा नसतो. खांदे आणि हात मिळून एकसंध मागे-पुढे झाले पाहिजेत. मनगट वळले की पटरचे तोंड वळते, आणि तोंड वळले की दिशा गेली.

चेंडूची दिशा मुख्यतः कशाने ठरते याचा अभ्यास कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अव्वल गोल्फ खेळाडूंवर केला. दिशेतल्या चढउतारांचा सुमारे ८० टक्के वाटा फटक्याच्या क्षणी पटरचे तोंड कुठे आहे याचा, १७ टक्के पटर कोणत्या मार्गाने येतो याचा आणि जेमतेम ३ टक्के चेंडू तोंडावर कुठे लागला याचा, असे त्यात आढळले. शिकणाऱ्यासाठी यातून निघणारा बोध सरळ आहे. पटर मागे नेण्याच्या सुंदर लयीवर तासन्‌तास घालवण्याआधी त्याचे तोंड फटक्याच्या क्षणी लक्ष्याला काटकोनात असावे याची खात्री करावी. एक अंशाची चूक तीन मीटरवर पाच सेंटिमीटरांची होते, म्हणजे चेंडू जेमतेम होलच्या कडेला लागेल एवढी. बारा मीटरच्या काँक्रीट लेनवर तीच चूक एकवीस सेंटिमीटरांची होते. म्हणूनच लांब लेनवर चांगले खेळाडू होलकडे पाहून नेम धरत नाहीत. चेंडूच्या पुढे हात-दीड हातावर लेनवरचा एखादा ठिपका, सांधा किंवा डाग हेरतात आणि चेंडू त्यावरून जावा एवढेच पाहतात. जवळच्या खुणेवरून चेंडू नेता येतो. दूरच्या होलकडे फक्त आशेने पाहता येते.

दिशेपेक्षाही शिकायला अवघड असतो वेग, आणि शिकवणारे त्याच्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. घरंगळणारा चेंडू किती लांब जातो ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असते : वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट होते. फटका दहाच टक्के जोरात बसला तर चेंडू सुमारे एकवीस टक्के पुढे जातो, म्हणजे पाच मीटरच्या फटक्यात मीटरभर. शिवाय वेगाचा परिणाम होलशीही जोडलेला आहे. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन होम्स यांनी १९९१ मध्ये गोल्फचा चेंडू आणि १०८ मिलिमीटर व्यासाचे होल यांचे गणित मांडले. चेंडू अगदी मध्यातून आला तरी सेकंदाला १.६३ मीटरपेक्षा अधिक वेगाचा असेल तर तो होल ओलांडून जातो, असे त्यातून दिसले. मध्यापासून जेवढे दूर, तेवढी ही मर्यादा आणखी खाली येते. याचा अर्थ, वेगाने आलेल्या चेंडूसाठी होल आपोआप लहान होते. हळू आलेला चेंडू कडेवरूनही आत पडतो.

पण फार हळू मारणेही योग्य नाही. उतार असेल तर चेंडू सर्वांत जास्त वळतो तो शेवटच्या टप्प्यात, जेव्हा त्याचा वेग संपत आलेला असतो. म्हणून उतारावरच्या लेनवर वेग आणि नेम हे दोन वेगळे निर्णय नसतात. आधी वेग ठरवायचा, मग त्या वेगाला चेंडू किती वळेल ते पाहून नेम धरायचा. जोर ठरवण्यासाठी पटर मागे किती न्यायचा हे मोजावे, फटका मारताना हात झटकून वेग वाढवू नये. मागे नेलेले अंतर डोळ्यांना दिसते आणि लक्षात ठेवता येते. झटक्याचे तसे नसते.

मिनी गोल्फला साध्या पटिंगपासून वेगळे करणारा भाग म्हणजे कठडा. अनेक लेनवर होलकडे सरळ वाट नसतेच. चेंडू कठड्याला लावून आणावा लागतो. महाराष्ट्रात ज्यांनी लहानपणी कॅरम खेळला आहे त्यांना हा हिशेब हातात बसलेला असतो : स्ट्रायकर ज्या कोनात कडेला लागतो साधारण त्याच कोनात परततो. नेम धरण्याची सोपी युक्तीही त्यातूनच निघते. कठडा म्हणजे आरसा आहे असे समजावे, होलचे प्रतिबिंब आरशापलीकडे तेवढ्याच अंतरावर कल्पावे आणि सरळ त्या प्रतिबिंबाकडे फटका मारावा.

मात्र स्ट्रायकर घसरतो आणि चेंडू घरंगळतो, या फरकामुळे आरशाचे गणित पुरते लागू पडत नाही. कठड्याला लागताना चेंडूचा कठड्याच्या दिशेचा वेग काही प्रमाणात मरतो, पण कठड्याला समांतर असलेला वेग त्यामानाने कमी घटतो. शिवाय घरंगळण्याची फिरकी चेंडूला पुन्हा कठड्याकडे ओढते. त्यामुळे परतणारा चेंडू आरशाच्या हिशेबापेक्षा कठड्याला अधिक लगटून जातो. चेंडू मऊ आणि कमी उसळणारा असेल तर हा फरक वाढतो. उपाय असा, की कठड्यावरचा बिंदू आरशाने सांगितल्यापेक्षा थोडा अलीकडे, आपल्या बाजूला घ्यावा. किती अलीकडे, ते त्या लेनवर चार-सहा चेंडू खेळूनच कळते. फटक्यानंतर चेंडू लगेच घरंगळू लागत नाही, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. आधी तो घसरतो, आणि पूर्णपणे घरंगळू लागेपर्यंत त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांशावर येतो. टीच्या अगदी जवळ असलेल्या कठड्याला तो घसरत असतानाच लागला तर आरशाचा नियम जास्त खरा ठरतो. एकाच खेळाडूला जवळचा आणि दूरचा कठडा वेगळे उत्तर का देतात, याचा उलगडा यात आहे.

अडथळ्यांपैकी उंचवटा, बोगदा आणि फट यांत नवे तंत्र लागत नाही. खुणेवरचा नेम आणि बेताचा वेग पुरतो. उंचवट्याच्या माथ्यावर होल असेल तर मात्र हिशेब उलटा होतो. तिथे कमी पडलेला चेंडू परत पायाशी येतो, म्हणून होलच्या पुढे थोडा जाईल एवढा वेग धरणे शहाणपणाचे. गोल चक्रातून चेंडू वर नेऊन उतरवणारी लेन सर्वांना आकर्षित करते. तिथे वेगाला खालची मर्यादा असते. चक्राची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर माथ्यावर चेंडू सुटून पडू नये म्हणून पायथ्याशी तो सेकंदाला सुमारे ३.४ मीटर वेगाने यायला हवा. होल मात्र १.६३ च्या वर चेंडू स्वीकारत नाही. मधला जादा वेग कुठेतरी संपवावा लागतो, आणि त्यासाठी लेनच्या शेवटचा कठडा असतो. अशा लेनवर खरा नेम होलचा नसून मागच्या कठड्याचा असतो : चेंडू होलच्या बाजूने किंवा वरून जाऊन मागे आपटतो आणि परतताना आत पडतो. फिरत्या पात्यांच्या अडथळ्यावर पात्याकडे पाहून फटका मारणारा नेहमी उशीर करतो. पाते एका ठरावीक जागी आले की फटका सुरू करायचा, अशी एक खूण ठरवावी आणि वेग दर वेळी तोच ठेवावा. खूण चुकली असे वाटले तर ती बदलावी, वेग नव्हे.

स्पर्धांमधला मिनी गोल्फ आणि सहलीतला मिनी गोल्फ यांतले सर्वांत मोठे अंतर चेंडूंमुळे पडते. भाड्याच्या काउंटरवर रंगाखेरीज निवड नसते. स्पर्धेच्या नियमांत चेंडूचा व्यास ३७ ते ४३ मिलिमीटरच्या दरम्यान असावा लागतो आणि २५ अंश तापमानाला एक मीटरवरून सोडल्यावर तो ८५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उसळता कामा नये. या मर्यादेत हलके आणि जड, कडक आणि मऊ, गुळगुळीत आणि खरखरीत असे हजारो प्रकारचे चेंडू बाजारात आहेत. गंभीर खेळाडू पिशवीत कितीतरी चेंडू बाळगतो आणि जिथे कोर्सच्या प्रकाराचे नियम परवानगी देतात तिथे प्रत्येक लेनसाठी वेगळा काढतो. मागच्या कठड्यावरून परत न येता तिथेच मरावा असा चेंडू एका लेनला हवा असतो, दोन कठडे ओलांडूनही जोम राखणारा दुसरीला. रबराची उसळी तापमानाने बदलते, म्हणून थंडीत चेंडू खिशात ठेवून ऊब देतात आणि कडक उन्हात पिशवीत गार ठेवतात. पाहणाऱ्याला हा अतिरेक वाटतो, पण ज्या खेळात फटका दर वेळी तोच असायला हवा त्यात चेंडूही दर वेळी तसाच वागला पाहिजे. हौशी खेळाडूला यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की दर वेळी एकाच प्रकारच्या चेंडूने खेळावे, आणि शक्य असेल तर स्वतःचाच एक चेंडू ठेवावा. ओल्या गवतावर चेंडू लवकर थांबतो. पावसाळ्यात किंवा पहाटेच्या दवात घेतलेला वेगाचा अंदाज दुपारी उपयोगी पडत नाही.

आता लेनच्या अभ्यासाकडे. युरोपातल्या स्पर्धांत खेळाडू काही दिवस आधी येऊन कोर्सवर सराव करतात आणि प्रत्येक लेनचा तक्ता तयार करतात : टीवर चेंडू डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, नेमाची खूण कोणती, कठड्यावरचा बिंदू कोणता, वेग किती, चेंडू कोणता. टीवर चेंडू कुठे ठेवायचा हा निर्णय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. टीच्या पट्टीत चार बोटे बाजूला सरकल्याने अनेकदा अडथळ्याची फट रुंद होते किंवा कठड्याचा कोन सोपा होतो. त्यासाठी कौशल्य लागत नाही, फक्त पाहावे लागते. एखाद्या कोर्सवर वारंवार जाणाऱ्या कोणालाही असा तक्ता छोट्या वहीत करता येतो. फटका चुकल्यावर तो का चुकला हेही त्यात लिहावे : दिशा, वेग की योजना. नेम बरोबर होता आणि चेंडू खुणेवरून गेला तरी होल चुकले, तर हात निर्दोष आहे आणि योजना बदलायची आहे. चेंडू खुणेवरून गेलाच नाही, तर योजनेला हात लावू नये. या दोन चुका एकमेकांत मिसळणारा खेळाडू वर्षानुवर्षे तिथेच राहतो, कारण तो दर फटक्यानंतर सारेच बदलत असतो.

कोर्स जवळ नसला तरी सराव थांबत नाही. घरातली सपाट फरशी, एक पटर आणि चेंडू एवढे पुरते. मीटरभर अंतरावर दोन नाणी सहा सेंटिमीटरांच्या फटीने ठेवावीत आणि चेंडू त्यांमधून न्यावा. गोल्फचा चेंडू ४३ मिलिमीटरांचा असल्याने दोन्ही बाजूंना नऊ मिलिमीटरांपेक्षाही कमी मोकळीक उरते. ही चाळणी अर्ध्या अंशाची आहे, आणि तिच्यातून दहापैकी नऊ चेंडू जाऊ लागले की दिशेची काळजी मिटली. वेगासाठी होल ठेवूच नये. जमिनीवर खडूने दोन, तीन आणि चार मीटरवर रेघा आखाव्यात आणि चेंडू रेघेवर थांबवण्याचा सराव करावा, अंतर दर फटक्याला बदलत. एकच अंतर पन्नास वेळा मारल्याने त्या दिवसापुरता हात बसतो; अंतर बदलत राहिल्याने अंदाज तयार होतो. भिंतीलगत सरळ लाकडी फळी ठेवली की कठड्याचाही सराव होतो.

कुठे पाहायचे यालाही शास्त्र आहे. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी गोल्फ पटिंगमध्ये खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडू फटक्याआधी नजर चेंडूवर दोन-तीन सेकंद स्थिर ठेवतात आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तिथेच ठेवतात, असे त्यांना दिसले. नवख्याची नजर होल आणि चेंडू यांच्यात घिरट्या घालते आणि फटका पुरा होण्याआधीच वर उचलली जाते. चेंडू गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेकडे क्षणभर पाहत राहणे ही शिकायला सर्वांत सोपी आणि लवकर फळ देणारी सवय आहे.

स्पर्धेच्या दडपणाबाबत मिनी गोल्फने मानसशास्त्रालाही काही दिले आहे. स्वीडनमधले बो मोलांडर आणि लार्स बॅकमन यांनी १९८० च्या दशकात कुशल मिनी गोल्फ खेळाडूंचा सरावात आणि स्पर्धेत अभ्यास केला. सरावात तरुण आणि वयस्कर खेळाडू तुल्यबळ होते. स्पर्धेत मात्र वयस्करांचा खेळ घसरला, तरुणांचा टिकला. फटक्याच्या ऐन क्षणी तरुणांचे हृदयाचे ठोके मंदावत, वयस्करांचे तसे होत नसे. एकाग्रतेची ताकद दडपणाखाली वयानुसार कमी पडते, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा खेळ शांत मनावर इतका अवलंबून आहे, की हृदयाची गती कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांवर स्पर्धाकाळात बंदी असलेल्या खेळांच्या यादीत जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने मिनी गोल्फचाही समावेश केला आहे. प्रामाणिक उपाय एकच आहे : प्रत्येक फटक्याआधीचा क्रम तोच ठेवणे. लेन पाहणे, चेंडू ठेवणे, खूण हेरणे, एक श्वास सोडणे, फटका. सरावात हा क्रम टाळून चेंडूमागून चेंडू मारत सुटणारा खेळाडू स्पर्धेत वापरायच्या गोष्टीचा सरावच करत नाही.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९१ मध्ये ऑस्लो इथे सुरू झाली. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज इथे २००३ पासून ‘क्रेझी गोल्फ’ची जागतिक स्पर्धा होते, तिथे फिरत्या अडथळ्यांचे जुने, गमतीदार कोर्सही गांभीर्याने खेळले जातात. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातले मर्टल बीच हे या खेळाचे मोठे केंद्र आहे. भारतात २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत मिनी गोल्फचा समावेश होता. त्यामुळे महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या मुलांसाठी हा खेळ यापुढे केवळ रिसॉर्टमधला राहिलेला नाही. उणीव आहे ती कोर्सची. मापाच्या लेन नसतील तर मिळवलेले ज्ञान एका कोर्सवरून दुसऱ्यावर नेता येत नाही, आणि खेळाडू दर वेळी पहिलीपासून सुरुवात करतो. एटर्निटच्या अठरा लेनचे निव्वळ क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरच्या जेमतेम वर भरते. ये-जा करायला लागणारी जागा धरली तरी नगरपालिकेच्या एखाद्या मध्यम बागेच्या कोपऱ्यात असा कोर्स बसतो. वय, उंची, ताकद यांची अट नसलेला आणि आजी-नातवाला बरोबरीने खेळता येणारा खेळ शहरांना हवा असेल, तर बागा आखणाऱ्यांनी आणि शाळा चालवणाऱ्यांनी खेळण्यांसारखे रंगीत कोर्स विकत घेण्याऐवजी मापाच्या लेन बांधाव्यात.